दाराला टेकवलेला नारळ

हमीद,

मी तुझ्याशी एकदा खोटं बोललो होतो. एकदाच बोललो, पण ते असं काही लागू पडलं की पुढची तीन वर्षं तू ते बोर्लीपासून श्रीवर्धनपर्यंत सांगत फिरलास आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत राहिलो. खरं काय ते तुला सांगायचं होतं. दिवाळीची गर्दी ओसरली की सांगू, तुझा गुडघा बरा झाला की सांगू, असं करता करता तूच गेलास. आज बारा दिवस झाले. म्हणून आता कागदावर सांगतोय. समोर असतास तर दुसऱ्याच वाक्याला म्हणाला असतास, "सदू, कोर्टातल्यासारखा लांबन नको लावू, मुद्द्याचा बोल." मुद्द्यावर येतोच, पण माझ्या चालीनं येतो. मध्ये तोडणारं कोणी नाही याचं फार वाईट वाटतंय.

बोर्लीच्या शाळेत आपण एका बाकावर होतो, तू बोर्लीचा आणि मी दिवेआगरचा. पुढे मी अलिबागला कोर्टात कारकून झालो आणि तू मस्कतला गेलास. बावीस वर्षं तू तिथल्या हॉटेलांतून दारं बसवलीस. साधी दारं नाहीत, आगीची दारं. एका बाजूला खोली जळत असली तरी दुसऱ्या बाजूच्या माणसाला तासभर उभं राहता येईल अशी. त्यांचं तुला एवढं वेड लागलं की माझ्या लग्नाला तू पत्र पाठवलंस त्यात दोन ओळी आम्हा दोघांना शुभेच्छा होत्या आणि उरलेलं दीड पान बिजागऱ्यांवर होतं. सुलभानं ते वाचून विचारलं, "हे तुमचे मित्र बरे असतात ना?" मी म्हटलं, बरा असतो, फक्त दाराचा विषय काढायचा नाही.

विषय काढावा लागला तो वादळानंतर. सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली आणि मी, निवृत्त होऊन नुकताच दिवेआगरला परतलेला माणूस, बुंधे मोजत बसलो. नवी सुपारी उभी राहीपर्यंत काय करायचं, तर गावानं जे केलं तेच आम्ही केलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या, न्हाणीघर काढलं, पाहुणे ठेवायचं ठरवलं. तू तेव्हा कायमचा परत आला होतास. खोल्या बघायला म्हणून आलास आणि खोल्या न बघताच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलास. एकदा स्वयंपाकघराकडे बघितलंस, एकदा वर.

"हितं कढई पेटली तं वरची मानसं उतरनार कुठनं?"

"सुलभा तीस वर्षं तळते आहे. एकदाही पेटली नाही."

"मस्कतला पन सगले हेच बोलायचे," तू म्हणालास. "पेटायच्या आदल्या दिवसापोत."

मग काय, तू आठ दिवस आमच्याच घरी मुक्कामाला. स्वयंपाकघर आणि जिना यांच्यामध्ये बसवायचा तो जाडजूड दरवाजा पनवेलहून आला तेव्हा टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. चौकट उभी करायच्या दिवशी सुलभानं रीतीप्रमाणे हळदकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, तुला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. तू टोपी डोक्यावर घातलीस, बिस्मिल्ला म्हणून पहिला स्क्रू मारलास आणि म्हणालास, "वहिनी, दोन्हीकडनं सांगून झाला. आता ह्याला काय व्हायचा न्हाय." इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग सुलभानं विचारलं, उंबरठा कधी बसवणार?

उंबरठ्यावरून तुम्ही दोघं एक पूर्ण सकाळ भांडलात. तिचं म्हणणं, बिनउंबरठ्याचं दार म्हणजे चौकट नव्हे, भिंतीला पडलेलं भोक. तुझं म्हणणं, धुरात पळणाऱ्या माणसाचे पाय उंबरठ्यालाच अडकतात. शेवटी तू तिला डोळे मिटून जिन्यावरून खाली यायला लावलंस आणि वाटेत तुझी हत्यारांची पेटी आडवी ठेवलीस. ती अडखळली, पडली नाही, पण वाद तिथेच मिटला. आता ती त्या जागी जमिनीवर रांगोळीची रेघ काढते. त्यालाच उंबरठा समजायचं असं तुमचं ठरलं होतं. अजून काढते रे.

तुझं काम बघत बसणं हा माझा त्या आठ दिवसांतला उद्योग होता. चौकट सरळ उभी आहे का बघायला ओळंबा सोडायचास, पाणसळ लावायचास, आणि पुन्हा ओळंबा. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट तो डब्यातला पिवळा फेस मारून भरू असं मी म्हटल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी शिवी दिली असावी. तिथे तू न जळणारी दगडी लोकर ठासलीस, बोटांनी, कोपऱ्या-कोपऱ्यात. दार आणि चौकट यांच्यात किती जागा, तर रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून जातील एवढीच, वरपासून खालपर्यंत. एका ठिकाणी नाणी अडली तर तू तिन्ही बिजागऱ्या सोडवल्यास. मी म्हटलं, दाराच्या कडेला जरा रंधा मार आणि मोकळा हो. "रंधा मारला तं मंग ह्या दारात आन् फलीत फरक काय?" म्हणून तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. चौकटीच्या खाचेत काळी पट्टी बसवलीस ती मात्र मला आवडली. तापली की फुगते आणि फट बुजवून टाकते, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखीच. तू हसलास आणि मग अबोला सुटला.

आणि मग ते दार लागलं. म्हणजे लागायलाच लागलं. वर बसवलेल्या लोखंडी हातानं ते कुणी न ढकलता स्वतःला आपोआप ओढून घ्यायचं आणि खटका बसायचा. तू ते दहा वेळा उघडून सोडलंस आणि दहा वेळा कौतुकानं बघितलंस. आम्हाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं की आपलं काही खरं नाही.

हमीद, तू बावीस वर्षं हॉटेलांत काढलीस, म्हणून तुला सांगूनही कळलं नाही. आपल्याकडे दिवसाढवळ्या दार लावतात ते घरात कोणी आजारी असलं तर, नाहीतर भांडण झालं असलं तर. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना? आणि माझं तर बोलणंच बंद झालं. मी ओटीवर झोपाळ्यावर, सुलभा आत चुलीशी, आणि मधून जाणाऱ्या येणाऱ्या बोलण्यावर आमचा संसार चाललेला. कोण मेलं, कोणाचं लग्न ठरलं, आज आमटीत कोकम घालू की चिंच, सगळं त्या वाटेनं. आता मी हाक मारली की ती यायची, दार उघडायची, काय म्हणून विचारायची, आणि मी सांगेपर्यंत दार तिच्या पाठीत बसायचं. चौथ्या दिवशी तिच्या हातातली आमटी सांडली. पाचव्या दिवशी मी कोपऱ्यातला एक असोला नारळ उचलला आणि उघड्या दाराला टेकवून ठेवला. काय सुख झालं म्हणून सांगू!

पंधरा दिवसांनी तू आलास. आत पाऊल टाकलंस आणि खाली बघितलंस.

"ह्यो नारल हितं कोनी ठेवला?"

मी म्हटलं, "घरंगळत आला असेल."

"असोला नारल घरंगलत येऊन बरोबर दाराखाली बसला?"

तू नारळ उचललास, काखोटीला मारलास आणि स्कूटरच्या पुढे ठेवून निघून गेलास. मला वाटलं विषय संपला. वाडी आडवी झाली होती ती सुपारीची. नारळांना काय तोटा? मी दुसरा ठेवला. तू आठवड्यानं परत आलास, तो बघितलास, आणि या खेपेस नारळाला हातही लावला नाहीस. हळू आवाजात बोललास, आणि तू हळू बोलतोस तेव्हा ते वाईट असतं हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

"सदू, तू माझा दार न्हाय उघडा ठेवला. वर झोपलेल्या लोकांची वाट बंद केली. मी जिम्मेदारीनं बसवलाय ह्यो. तुला जर नारल ठेवायचा हाय, तं मला ह्या घरात बोलवू नको."

मी काय करावं? ऐकावं. मी उलट म्हटलं, "माझं घर आहे, हॉटेल नाही." तू टोपी सारखी केलीस आणि गेलास.

चार महिने. बोर्लीच्या बाजारात समोरून आलास तर पलीकडच्या भाजीवाल्याशी बोलायला लागायचास, तुला भाजीतलं काही कळत नसताना. रमजानात खजुराचा डबा आला तो वर चिठ्ठी लावून, "फक्त वहिनीसाठी." सुलभानं माझ्यासमोर बसून एकेक खजूर खाल्ला आणि एकही मला दिला नाही. तिचं सगळं मत तुझ्या बाजूला होतं, पण नारळ काढा असं तीही म्हणाली नाही. तिलाही बोलायला मी लागायचोच ना. त्या चार महिन्यांत मला कळलं की पस्तीस वर्षं अलिबागला राहून मी इतके मित्र केले आणि त्यातल्या एकाशीही मला भांडता येत नाही.

आता मुद्दा आला बघ.

ती शनिवारची दुपार. वरती पुण्याचे पाहुणे, आईबाप, आजोबा आणि दोन पोरं, समुद्रावरून येऊन गाढ झोपलेले. रात्री उकडीचे मोदक पाहिजेत अशी त्यांची फर्माईश. सुलभा सारणाला बसली आणि तिच्या लक्षात आलं की खोबरं कमी पडतंय. कोपऱ्यातले नारळ आदल्या दिवशी संपलेले. वाडीत उतरवायला माणूस यायचा होता सोमवारी. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि दाराखालचा नारळ उचलला. गॅसवर वड्यांसाठी तेल ठेवलेलं होतं, बारीक आचेवर. ती मागच्या दारानं पडवीत गेली, नारळ सोलला, फोडला, आणि खोवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. कोणाला तरी खोली पाहिजे होती आणि खिडकीतून समुद्र दिसतो का, किती दिसतो, झोपून दिसतो की उभं राहून, हे सगळं विचारायचं होतं.

मी ओटीवर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. "अहो!" एवढीच हाक आली, आणि ती घरातून नाही, घराला वळसा घालून आली. मी वाडीतून धावत मागे गेलो. कढई पेटली होती, वरची फळी पेटली होती, डब्यांचं प्लास्टिक ठिबकत होतं. सिलेंडर भिंतीबाहेर ठेवायला तूच लावला होतास, तो मी बंद केला. मागच्या भिंतीवर ते लाल नळकांडं तूच टांगलं होतंस, त्याची पिन मी ओढली. पहिला फवारा माझ्याच पायावर गेला. विझलं तेव्हा स्वयंपाकघर कोळशाच्या वखारीसारखं झालं होतं. दाराचा आतला रंग फोड येऊन लोंबत होता, आणि काळी पट्टी फुगून सगळ्या फटी बुजवून बसली होती.

पुढच्या बाजूनं मी आत धावलो. वर माणसं होती, हमीद. जिन्याशी पोचेपर्यंत मी किती वेळा मेलो ते मोजलं नाही. माजघरात धूर नव्हता. दाराशेजारच्या कॅलेंडरचा कागदही पिवळा पडला नव्हता. आणि जिन्यावरून ते पुण्याचे आजोबा डोळे चोळत खाली आले आणि म्हणाले, "जरा लवकर उठलो. चहा मिळेल का?"

मी त्यांना मिठी मारली. ते अजून दर वर्षी येतात. इथली माणसं फार प्रेमळ, असं सगळ्यांना सांगतात.

तू अर्ध्या तासात आलास. चार महिन्यांचा अबोला बोर्लीतच टाकून आलास. कुणाला काही न विचारता दारापाशी गेलास, पट्टीवर बोट फिरवलंस, चौकट वरून खाली हातानं चाचपलीस. मग माझ्याकडे वळलास.

"दार लावलेला व्हता?"

कोर्टात मी पस्तीस वर्षं लोकांना शपथ घेताना ऐकलं. खोटं बोलणारा माणूस बोलण्याआधी जरा घसा साफ करतो, हे मला चांगलं माहीत आहे. मी घसा साफ केला.

"लावलेलं होतं. तू गेलास त्या दिवसापासून कायम बंदच ठेवतो."

तुझे डोळे भरून आले. तू मला धरलंस, काजळीच्या हातांनी, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. "सदू," एवढंच म्हणालास. आणि मला वाटलं, आता खरं सांगितलं तर हा धरलेला हात सुटेल.

मग तू काय काय केलंस! ते जळकं दार बदलायचं सोडून महिनाभर तसंच ठेवलंस आणि गावोगावच्या खोलीवाल्यांना दाखवायला आणलंस. "ह्यो माझा दोस्त. एकदा सांगितला, आइकला. म्हनून आज पाच मानसं चालतात, फिरतात." सात घरांनी तुझ्याकडून दारं बसवून घेतली. तिसऱ्या घरातल्या बाईंनी विचारलं, एवढं दिवसभर बंद ठेवायचं म्हणजे जीव गुदमरत नाही का? तू माझ्याकडे बोट दाखवलंस, "ह्याला इचारा." मी म्हटलं, सवय होते. सुलभा चहाचा कप तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. घरी येताना म्हणाली, "सांगून टाका त्याला." मी म्हटलं, सांगतो. त्यानंतर आमच्या दारानं नारळ बघितला नाही, एवढं मात्र शपथेवर सांगतो. बोलायचं असलं की मीच आत जाऊन चुलीशी बसतो. भाजी चिरायला शिकलो तो त्यामुळे.

का नाही सांगितलं? भीतीनं. मागचा अबोला चार महिन्यांचा होता, हा जन्माचा होईल असं वाटलं. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी खोट्यावर उभा केला होता, आणि तो पाडायची माझी छाती झाली नाही.

काल मी आणि सुलभा तुझ्या घरी गेलो. रुकय्यावहिनी तुझ्या पश्चात इद्दतीत आहेत, बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत. सुलभा आत त्यांच्यापाशी बसली, मी बाहेर ओट्यावर, आणि मधलं दार अर्धं लोटलेलं. मला राहवलं नाही. मी त्या अर्ध्या दाराकडे तोंड करून सगळं सांगितलं. नारळ, मोदक, फोन, घसा साफ केला तेसुद्धा. म्हटलं, वहिनी, हमीद मला मानायचा ते खोटं होतं. मी त्याचं ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी नारळ सारणाला लागला म्हणून पाच माणसं वाचली.

आतून वहिनींचा आवाज आला, रडून बसलेला.

"म्हंजे दार तुम्ही न्हाय लावला."

"नाही."

"तुम्ही तं उघडा ठेवायला बगत व्हते."

"हो."

"तरी नारल काडल्याबरोबर लागला."

"लागला, वहिनी."

"मंग हा त्यांना का न्हाय सांगितला?" त्या म्हणाल्या, आणि मला आधी कळलंच नाही की त्या हसतायत. "सगल्यांना सांगत फिरले, सदूनं दार लावला, सदूनं दार लावला. अवो, त्यांनी लावलेला! आदी भांडले असते तुमच्याशी, चांगले भांडले असते. मंग आख्ख्या बोर्लीला सांगितला असता, सदूसारखा मानूस नारल घेऊन बसलेला, तरी माझा दार लागला म्हनून. केवढा बरा वाटला असता त्यांना!"

सुलभाही आत हसायला लागली, आणि मग दोघी रडायला लागल्या. मी ओट्यावर बसून राहिलो. तीन वर्षं मी समजत होतो की तुझा आनंद टिकवायला खोटं बोललो. तुझ्या कामाचं श्रेय मी लाटलं होतं, आणि तुझ्या तोंडून माझंच कौतुक ऐकत उभा होतो.

तर ऐक. दार मी लावलं नव्हतं. ते तू लावलंस, पाच किलोमीटरवर बोर्लीत बसून, माझ्याशी अबोला धरलेला असताना. आता सगळं खरं सांगून झालं, हमीद. भांड.